बाराव्या दिवशीचा कान

कुरवंड्यात झोडणी सुरू झाली की ती आधी पायांना कळते, मग कानांना. वरच्या आळीत कुणी भाताची पेंढी ओंडक्यावर आपटली की आमच्या पडवीच्या जमिनीतून बारीक धक्का येतो, आणि ‘धप्’ असा आवाज कानावर पडेपर्यंत पुढची पेंढी वर गेलेली असते. हे सगळ्यांनाच कळत असेल असं मला लहानपणी वाटायचं. पुढे कळलं की बहुतेकांच्या पायांना त्याची सवय होऊन जाते. आमच्या घराची गोष्ट वेगळी, आमच्या घरात पायांनी ऐकणारं एक माणूस आहे.

गेल्या शनिवारी लोणावळ्याला उतरले, सहा आसनी रिक्षात कोंबून घेतलं आणि गावाच्या वळणावर आले, तर तोच वास. वाळलेल्या इंद्रायणी भाताच्या पेंढ्याचा, त्यात खळं सारवल्याच्या शेणाचा. नागफणीच्या कड्यावरचं धुकं निम्मं उतरलं होतं. डोंगरावरची सोनकी सुकून काळी पडली होती आणि गवत पिवळं. शहरातली माणसं याचे फोटो काढतात आणि मला पाठवतात, ‘किती नशीबवान तू’ म्हणून. मला या दिवसांची भीती वाटते, हे सरळच सांगून टाकते. आणि या वर्षी तर माझ्या पिशवीत भावाच्या मुलासाठी घेतलेलं झबलं होतं. रविवारी बारसं होतं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या मी एकटीच. माझी धाकटी बहीण मंदाही आत्याच म्हणा, पण तिला नाव सांगता येत नाही. ती जन्मापासून बहिरी आहे.

मी दहा वर्षांची होते त्या सुगीत मंदा पाच महिन्यांची होती. खळ्याच्या कडेला गोधडी टाकून तिला निजवलेलं आणि मुंग्या, कोंबड्या हाकायला मला बसवलेलं. आप्पा, आई आणि झोडणीला आलेला मामा, तिघं आळीपाळीनं पेंढ्या आपटायचे. अंगाला कुसळं, डोळ्यांत धूळ. प्रत्येक ठोक्याला मंदाचे दोन्ही हात हवेत उडायचे, मुठी उघडायच्या, आणि ओठ रडायच्या बेतात येऊन पुन्हा सरळ व्हायचे. आई पेंढी हातात धरून हसायची.

“ऐकतं गं लेकरू! कसं दचकतंय बघ.”

“लय तिखट कानाची हाय पोरगी,” मामा म्हणायचा. “उद्या तुमची कुजबूज पन ऐकंल.”

त्याच दुपारी राघूंचा एक थवा किंचाळत डोक्यावरून गेला. पेंढीवर तुटून पडणारे ते, त्यांना हाकायला आप्पांनी पत्र्याचा डबा बडवला. मी कानांवर हात ठेवले. मंदा गोधडीच्या लाल दोऱ्याकडे बघत होती, ती तशीच बघत राहिली. हे मला तेव्हाच दिसलं होतं, की नंतर नोकरीतून आलेल्या शहाणपणानं मी आठवणीत भरलं, देव जाणे. दिसलं असेल तरी मी बोलले नाही. मोठी माणसं हसत होती आणि मला त्यांच्यात हसायचं होतं.

त्या एका वाक्यावर आम्ही दोन सुग्या काढल्या. शेजारीण म्हणाली, पोर हाक मारली तरी बघत नाही. तर आई तिला खळ्यावर घेऊन गेली आणि दचकताना दाखवून आली. मंदा तीन वर्षांची झाली, बोलेना, तेव्हा आप्पा तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या म्हणाल्या, फार उशीर केलात. आप्पा परत आले ते पडवीत तसेच चपला घालून बसले. मग आईला म्हणाले, “ठोका ऐकत नव्हती गं ती. जिमीन हालत व्हती.”

आप्पा आता नाहीत. मंदा पंचविशीची आहे आणि लोणावळ्यात चिक्की भरायच्या कामाला जाते. तिला बोलवायचं तर आम्ही जमिनीवर पाय आपटतो. एकदा आपटला तर ‘इकडे बघ’, दोनदा तर ‘लवकर ये’. पाहुण्यांना वाटतं, या घरातली माणसं सदा रागावलेली. तिनं आम्हा सगळ्यांना हातांची नावं दिली आहेत. आईचं नाव कपाळावरचा पदर, भाऊ दत्ताचं नाव मिशीला पीळ. माझं नाव टाळी. का, ते सांगते.

मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या खोलीत काम करते. गावात मला ‘उंदरांची बाई’ म्हणतात. कणगीतल्या उंदरांना मारायला औषध आणायचं आणि हिच्या उंदरांना एसी, यावर गावाची बरीच करमणूक झाली आहे. दत्ता तर म्हणतो, “लोक डोंगर पोखरून उंदीर काडत्यात, आमच्या ताईचं उंदरापासनंच सुरू.” पांढरे, काळे, हातात मावतील असे उंदीर. पारदर्शक डब्यांच्या रांगा, डब्यात मक्याच्या कणसांचा भुसा, प्रत्येक डब्याला एक कार्ड. आमचे उंदीर बहिरेपणासाठी आहेत. कुठल्याशा घराण्यात पिढ्यान् पिढ्या बहिरी मुलं जन्मत होती. त्या घराण्याच्या बीजात जी खोट सापडली, तीच या उंदरांच्या बीजात मुद्दाम घातलेली आहे. म्हणजे कानात आत काय बिघडतं, कधी बिघडतं, आणि वेळेवर हात घातला तर सावरतं का, हे बघता यावं. ती खोट आमच्याच घरातली आहे का, ते मला माहीत नाही. आमच्या घरात कुणी तपासलेलंच नाही.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचा कान बंद असतो, चामडीला चिकटलेला. साधारण बाराव्या दिवशी तो उघडतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे ऐकून मी म्हणाले होते, “म्हणजे बारशालाच!” आमच्या मॅडम हसल्या. त्या हसल्या तेवढ्या एकदाच. मग त्यांनी मला टाळी शिकवली. कान उघडल्यावर थोड्या दिवसांनी डब्याचं झाकण काढायचं, एक टाळी वाजवायची. ऐकणाऱ्या पिल्लाचा कान लगेच मागे झटकतो, अंग दचकतं. बहिरं पिल्लू मिशा साफ करत राहतं. मंदाला मी हे करून दाखवलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून मी ‘टाळी’ झाले.

पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली. एका पिल्लावर टाळी वाजवली, ते टुणकन उडालं. मी कार्डावर लिहिलं, ‘ऐकतो.’ दोन आठवड्यांनी त्याला भूल देऊन ऊबदार गादीवर ठेवलं, कानांमागे बारीक सुया लावल्या, आवाज बाहेर जाऊ न देणाऱ्या पेटीत घातलं आणि यंत्रातून टिकटिक सोडली. ऐकणाऱ्या उंदराच्या आलेखावर पाच लहान टेकड्या उठतात. याच्या आलेखावर काहीच उठलं नाही. आवाज वाढवत नेला, तरी सरळ रेघ. मॅडमनी माझं कार्ड हातात घेतलं.

“टाळी वाजवताना टेबलाला टेकून उभी होतीस?”

मी आठवलं. टेकून उभी होते.

“त्याला ऐकू नाही आलं, सुमन. टेबल हाललं ते त्याच्या पायांना कळलं. टाळी वाऱ्यातून यायला हवी, आणि वारासुद्धा मिशांना लागता कामा नये.”

मी ‘हो मॅडम’ म्हणाले, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. त्यांना वाटलं असेल, पोरगी चुकीला घाबरली. मी खळ्यावरची गोधडी बघत होते. ज्या चुकीनं माझ्या बहिणीची तीन वर्षं गेली, तीच मी पगार घेऊन केली होती.

ज्या पिल्लात आईची आणि बापाची, अशी दोन्हीकडची खोट उतरते, त्याच्या डब्याला लाल कार्ड लागतं. लाल कार्डांना आम्ही फार जपतो. त्यांचं पाणी दोनदा बघतो, दरवाजा जोरात लावत नाही, सुट्टीच्या दिवशीही कुणी ना कुणी येऊन बघून जातं. कारण चार पिल्लांत सरासरी एक तसं निघतं, आणि काम त्याच्यावरच असतं. आठवा आठवडा झाला की त्यांना कायमची भूल देतात. मग भिंगाखाली त्यांचा आतला कान उघडायचा असतो, तांदळाच्या कणीएवढा. हे घरी मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या हातांना त्याची सवय झाली आहे, हेही सांगितलेलं नाही.

शुद्ध वाण तयार करायला उंदरांची भावाबहिणीची जोडी लावतात, अशा वीस पिढ्या. खोट असेल ती मग लपत नाही, वर येतेच. आमच्याकडे असलं काही तोंडातून काढलं तर जीभ झडेल. पण मामाची मुलगी म्हणजे दुधात साखर. आप्पांनी त्यांच्या मामाची मुलगी केली, ती माझी आई. माझ्या मामानं केली तीही नात्यातलीच. आमच्यात एक मंदा, मामाकडे त्याचा थोरला तसाच. आणि दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत ठरलं की दत्तानं मामाची वैशाली करायची. वैशाली गुणी, हसरी, दोघांचं मनही जुळलेलं. सगळं घर आनंदात, आणि मी आले पुण्याहून माझं उंदरांचं शास्त्र घेऊन.

आई सुपात भात पाखडत होती. मी तिच्यासमोर भाताचे चार दाणे मांडले. म्हणाले, “आई, खोट दिसत नाही गं. ऐकणाऱ्या माणसातही ती गुपचूप असते. दत्ताकडे असेल, वैशालीकडेही असेल, तर चार लेकरांत एक मंदासारखं. असेलच असं नाही, पण लग्नाआधी दोघांना रक्त तपासून घेऊ दे. तेवढंच म्हणते.”

आईनं दाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“उंदरावरनं माणसाची सोयरीक ठरवतीस व्हय गं?”

“आई, तसं नाही...”

“मग कसं? मंदी काय उपाशी मरतीय का? माज्या भावाच्या दारात जाऊन सांगू, तुज्या लेकीचं रगत नासकं हाय का ते बगायचंय म्हणून?”

तिनं ते चारही दाणे उचलून सुपात टाकले आणि पाखडायला लागली. पुन्हा शोधायचे म्हटले तरी सापडले नसते. दत्ता नुसता “बगू की ताई” म्हणाला. बघितलं कुणीच नाही. मी आणखी दोनदा विषय काढला, तिसऱ्यांदा काढला नाही. लग्नात मी करवली म्हणून मिरवले, जिलेबी खाल्ली, फोटोत हसले. मंदाचा कान न दिसण्याइतकी मी तेव्हा लहान होते असं म्हणता येतं. या वेळी माझं वय काय होतं?

बाळ झालं ते ऐन झोडणीत. मी फोनवरून सांगितलं होतं, घरी न्यायच्या आधी कान तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. पण झोडणीला बाहेरची माणसं सांगून ठेवली होती, आभाळ भरून आलं होतं, खळ्यावर भारे उघडे पडलेले. दवाखान्यातून घाईनं सोडवून आणलं. कागदावर लिहून दिलं होतं, कानांच्या तपासणीसाठी परत यावे. दत्तानं तो कागद नीट घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला, म्हणजे हरवायला नको.

शनिवारी घरात पाऊल टाकलं तर बाळ पडवीतल्या पाळण्यात जागं होतं. वैशालीनं माझ्याकडे बघितलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसली. तिनंही एक भाऊ तसा बघितला आहे. मी पाळण्यामागे उभी राहिले, कशालाही टेकले नाही, हात वर केले. तेवढ्यात खळ्यावर पेंढी पडली, धप्, आणि बाळाचे हात उडाले. मी थांबले. पुन्हा हात उचलले, पुन्हा धप्. आता आमच्याकडे ओंडका नाही, लोखंडी पिंप आहे, त्यामुळे हादरा जास्तच. आईला यंत्राची मळणी चालत नाही, पेंढा मोडतो म्हणून. अंधार पडेपर्यंत ठोके चालू राहिले आणि ठोका पडला की पाळणा हलत राहिला. मी जेवायला बसले, गप्पा मारल्या. बारशाच्या पिवळ्या साडीचं कौतुकही केलं.

रविवारी झोडणी बंद होती. बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, कडेला घुगऱ्यांची परात. नाव ठरलं होतं, श्रवण. वैशालीच्या आजीनं सुचवलेलं, आईबापांना कावडीतून नेणाऱ्या मुलाचं. श्रवण म्हणजेच ऐकणं. पण नाव बदला म्हणायला माझ्याकडे कारण काय होतं?

मी वाकले. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. इतका नवा, इतका उघडा कान, आत कसलंच बंद दार दिसत नाही. “कुर्रर्र...” म्हटलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मी पाळण्याच्या कठड्यावर आदळले. बाळाचे दोन्ही हात हवेत उडाले, मुठी उघडल्या.

“ऐकलं गं बाई!” आई ओरडली. “ऐकतं लेकरू! कसं दचकतंय बघ!”

पंचवीस वर्षांनी तेच वाक्य, त्याच आवाजात. तिचे डोळे भरून आले होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की आता तरी कबूल कर. सगळ्या हसल्या. कुणी तरी म्हणालं, उंदरांच्या बाईला बोला काय तरी. मला वाटलं, हसून टाकावं. आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघू. आमच्या घरात ‘उद्या बघू’ फार गोड लागतं.

पण मंदा हसत नव्हती. बुक्के पडले तेव्हा तिचा तळहात पाळण्याच्या लाकडावर होता. तिनं मला दाखवलं: लाकडावर बोट, मग बाळाच्या छातीवर बोट. इथून गेलं ते इथे पोचलं. या घरात आवाज आणि हादरा यांतला फरक तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार? तिनं पाळण्याच्या साखळ्या दोन्ही हातांनी धरल्या, अंगाचा भार देऊन पाळणा अगदी स्थिर केला, आणि मला मानेनं खूण केली. मागे हो. वाजव.

मी बाळाच्या डोक्यामागे गेले. हात दूर धरले, वारा लागू नये म्हणून. पडवीत एकदम शांतता झाली, कारण आईचा चेहरा उतरलेला सगळ्यांना दिसला.

टाळी वाजवली. दारातला कुत्रा उठून उभा राहिला. परातीशी बसलेली एक म्हातारी दचकली. बाळ मंदाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत होतं.

“ताई,” वैशाली म्हणाली, “परत एकदा.”

दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. तळहात चुरचुरायला लागले. त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

टाळी म्हणजे निकाल नव्हे. यंत्रावर बघावं लागतं, कधी कानात नुसतं पाणीही असतं. हे सगळं मी मोठ्यानं सांगितलं. हेही सांगितलं की मंदाला तीन वर्षं उशीर झाला, याला बाराच दिवस झालेत. आता यंत्रं आहेत, शस्त्रक्रिया आहेत, आज कळलं तर पुष्कळ करता येतं. दत्ता आत गेला आणि देवाच्या फोटोमागचा कागद घेऊन आला. “उद्या पयल्या गाडीनं जातो,” म्हणाला. वैशालीनं बाळाला उचललं नाही. मंदानं उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या पाठीवर बोटांनी हळूहळू ताल धरला.

बायका घुगऱ्या घेऊन लवकर पांगल्या. आई पाळण्याच्या माळा सोडत बसली. बऱ्याच वेळानं तिनं मला जवळ बोलावलं. दोन वर्षांपूर्वी उंदरांचं नाव काढलं म्हणून चिडलेली ती, आता माझ्या तोंडाकडे न बघता हळूच म्हणाली,

“सुमे, तुज्या उंदरांत असा एकादा निगाला, तर तुमी काय करता गं त्याचं?”

समोर मंदा बाळाला घेऊन उभी होती आणि माझ्या ओठांकडे बघत होती.

“जपतो, आई,” मी म्हणाले. “सगळ्यांत जास्त त्यालाच जपतो.”

आईनं मान हलवली, डोळे पुसले आणि पुढची माळ सोडायला घेतली. मी खोटं बोलले नाही. आठव्या आठवड्याचं तेवढं सांगितलं नाही.